उंची म्हणजे वेळ

मे महिना संपत आला की चाकणच्या शेडवर माणसं दिसू लागतात. पाऊस कधीही गाठेल अशी धास्ती असते आणि गळका पत्रा गेल्या पावसाळ्यापासून तसाच राहिलेला असतो. मग ठेकेदाराला फोन जातो, दोन फिटर आणि दोन हेल्पर शिडी लावून वर चढतात. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुठेही जा. तापलेल्या पत्र्यावर कोणीतरी उकिडवं बसून जुना बोल्ट सोडवत असतं, नव्या वॉशरखाली सिलिकॉन भरत असतं.

अशाच एका दुपारी मी एका कारखान्याच्या आवारात मान वर करून उभा होतो. वरचा मुलगा चोवीस-पंचवीसचा, लातूरकडचा. अंगात पूर्ण हार्नेस, मांड्यांचे पट्टे आवळलेले, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी लावलेली. पाठीमागून निघालेल्या दोरीचा हूक मात्र त्याने स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवून ठेवला होता, चालताना दोरी पायात येऊ नये म्हणून. तो हूक जिला लावायचा ती लाईफलाईन त्याच्यापासून चार हातांवर होती. तो बोल्टांच्या रांगेवरून चालत होता, कारण जिथे बोल्ट तिथे खाली पर्लिनचा, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या तुळईचा आधार, हे त्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी शिकवलेलं होतं. परत फिरताना एक पाऊल बाजूला पडलं. नेमकं उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर. वर्षानुवर्षांच्या धुळीने तो पत्रा शेजारच्या लोखंडी पत्र्यासारखाच दिसत होता. कडकन आवाज झाला, एक पाय मांडीपर्यंत आत गेला, दुसरा पर्लिनवर राहिला. तेवढ्यावर निभावलं. खाली आल्यावर तो पाणी प्यायला लागला तेव्हा ग्लास दातांवर वाजत होता. मी हूकबद्दल विचारलं. म्हणाला, "साहेब, दोनच मिनिटांचं काम होतं."

त्या शेडची उंची नऊ मीटर. नऊ मीटर पडायला माणसाला साधारण १.३५ सेकंद लागतात आणि फरशीला टेकताना वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. मागून कोणी हाक मारली तर मान वळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळं आटोपतं. या वेळात कोणी काही ठरवू शकत नाही, काही धरू शकत नाही. जे करायचं ते पाऊल उचलण्याआधी झालेलं असावं लागतं.

उंचीवर काम करणाऱ्यांच्या वर्गात मी एक प्रश्न नेहमी विचारतो. शेडवरून पडणारा माणूस आणि चार हजार मीटरवर विमानातून उडी मारणारा माणूस, यांपैकी वाचण्यासाठी वेळ कोणाकडे जास्त? वर्ग क्षणभर गप्प होतो. विमानातून उडी मारणं जास्त धोक्याचं, हे प्रत्येकाच्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की प्रश्नच चुकीचा वाटतो. मग फळ्यावर आकडे मांडावे लागतात.

चार हजार मीटर म्हणजे सुमारे तेरा हजार फूट. दारातून सुटलेला माणूस पोट खाली, हातपाय पसरून पडत असेल तर दहा-बारा सेकंदांत त्याचा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरवर जातो आणि तिथेच थांबतो. हवेचा विरोध आता त्याच्या वजनाइतका झालेला असतो. त्यापुढे दर हजार फुटांना साडेपाच सेकंद. नवशिक्या विद्यार्थ्याने छत्री साधारण साडेपाच हजार फुटांवर उघडायची असते, म्हणजे त्याला पाऊण मिनिटाचं मोकळं पडणं मिळतं. छत्री उघडलीच नाही, तर तिथून जमिनीपर्यंत आणखी तीस सेकंद. पत्र्यावरच्या मुलाकडे सव्वा-दीड सेकंद, याच्याकडे तीस. उंची म्हणजे वेळ. स्कायडायव्हिंगच्या विद्यार्थ्याला जे शिकवतात ते मुख्यतः हेच, की हा वेळ खर्च कसा करायचा आणि कोणत्या उंचीनंतर तो आपल्या हातात उरत नाही.

हे शिक्षण एका दिवसात जमून आलेलं नाही. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेकडे १९६१ पासूनच्या मृत्यूंच्या नोंदी आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वर्षाला पन्नासहून अधिक जण उड्यांमध्ये जीव गमावत होते. २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा जण गेले. दोन्हींच्या मध्ये चौकोनी छत्री आली, चांगली उपकरणं आली, आणि विद्यार्थ्याला आकाशात सोडण्याची रीतच बदलली.

जुनी रीत सैन्यातून आलेली. विमानात आडवी तार बांधलेली असते. जवानाच्या पाठीवरच्या छत्रीची पट्टी त्या तारेला अडकवायची. तो बाहेर पडला की पट्टी ताणली जाते आणि छत्री आपोआप ओढून काढली जाते. बांगलादेश युद्धात, ११ डिसेंबर १९७१ रोजी, टांगाईलला आपली दुसरी पॅरा बटालियन अशीच उतरली. ही बटालियन मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी. आजही तिच्या नावापुढे 'मराठा' आहे. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये छातीवर पंख मिळवायला जवानाला पाच उड्या माराव्या लागतात, त्यांतली एक रात्रीची. त्या शिक्षणातली एक गोष्ट मी माझ्या वर्गात दरवेळी सांगतो. दार उघडण्याआधी प्रत्येक जण आपला हूक तारेला लावतो, ओढून बघतो, आणि मग पुढच्या माणसाच्या पाठीवरचं सामान मागचा माणूस तपासतो. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, एवढंच साधं कारण. ओळीतला शेवटचा माणूस 'ठीक' म्हणतो, ते पाठीवर थाप देत पुढे सरकत पहिल्यापर्यंत पोचतं. पत्र्यावर चढणाऱ्या दोघांनी एकमेकांचा हूक बघायला किती वेळ लागेल?

या रीतीचा एक धोका जवानांना पहिल्यापासून ठाऊक असतो. पट्टी कुठेतरी अडकली तर माणूस विमानाच्या मागे फरफटत जातो. अशा वेळी काय करायचं हे विद्यार्थ्याला जमिनीवरच शिकवून ठेवलेलं असतं: दोन्ही हात हेल्मेटवर ठेव, म्हणजे आतल्याला कळेल की तू शुद्धीवर आहेस. मग आतला प्रशिक्षक पट्टी कापतो आणि विद्यार्थी राखीव छत्री उघडतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात लोंबकळणाऱ्या माणसाने हात डोक्यावर न्यावेत, ही अपेक्षा आधी सराव नसेल तर कोणी करू शकणार नाही.

नागरी शिक्षणात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दुसरी रीत रुळली. दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्यासोबतच उडी मारतात. तो वेडावाकडा झाला तर सरळ करतात, पाय ताठ झाले तर बोटांच्या खुणेने सांगतात, त्याने छत्री ओढली नाही तर स्वतः ओढतात. पुढच्या टप्प्यावर एकच प्रशिक्षक असतो, मग तोही हात सोडून शेजारी उडतो. पर्यटक मंडळी प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन जी उडी मारतात, ती वेगळी. त्या उडीत तुमच्याकडे ठरवायचं काही नसतं. विद्यार्थ्याला मात्र दारातून सुटल्या क्षणापासून ठरवावं लागतं.

म्हणून पहिल्या उडीआधीचा दिवस बराचसा जमिनीवर जातो, आणि मला या विषयात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच दिवस. आढ्याला टांगलेल्या हार्नेसमध्ये विद्यार्थ्याला लटकवतात. मांड्यांत पट्टे रुततात, पाच मिनिटांत पाय जड होतात. डोक्यावर छत्रीची चित्रं एकामागून एक धरली जातात. नीट उघडलेली. दोऱ्यांना पीळ पडलेली. एक दोरी वरून गेल्यामुळे मध्येच दबलेली. पिशवीतून बाहेरच न आलेली. प्रत्येक चित्राला विद्यार्थ्याने तीन प्रश्न मोठ्याने विचारायचे: चौकोनी आहे का, स्थिर आहे का, ओढलं तर वळते का? तिन्हींना 'हो' असेल तर तिच्याखाली उतरता येतं. दोऱ्यांचा पीळ पायांनी सायकल मारल्यासारखं करत उलगडता येतो. बाकीच्या चित्रांना उत्तर एकच. उजव्या बाजूच्या हँडलकडे बघ, धर. डाव्या बाजूच्या हँडलकडे बघ. उजवं ओढून मुख्य छत्री सोडून दे. डावं ओढून राखीव छत्री उघड.

हा क्रम पन्नास वेळा होतो. साठ वेळा होतो. 'बघ' हा शब्द गाळला तर प्रशिक्षक पुन्हा पहिल्यापासून करायला लावतो, कारण न बघता चाचपडणारा हात हार्नेसचा पट्टाच हँडल समजून ओढत बसतो. हजारभर उड्यांत एखाद-दुसऱ्या वेळी मुख्य छत्री सोडून द्यावी लागते, असं या क्षेत्रात धरून चालतात. ती वेळ पहिल्याच उडीला येऊ शकते. घाबरलेला माणूस नवं काही शोधून काढू शकत नाही, पण हाताला लागलेली सवय घाबरलेला असतानाही चालते. आपल्याकडे गाडी शिकताना ब्रेकवर पाय आपोआप जायला लागतो, तसंच. फरक इतकाच की इथे ब्रेक आयुष्यात एकदाच दाबायचा असतो आणि तोही पहिल्याच प्रयत्नात बरोबर.

या सगळ्या क्रमावर एक रेघ मारलेली असते. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यासाठी ती अडीच हजार फुटांवर आहे. छत्री नीट आहे की सोडायची, हा निर्णय या उंचीपर्यंत घ्यायचा. तीत गुंतून बसलात, पीळ सुटेल-सुटेल म्हणत राहिलात, तर रेघ मागे पडते. विद्यार्थ्यांच्या अपघातांचे अहवाल वाचले की हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं: माणूस धाडसी होता, शरीराने ठीक होता, पण एका गोष्टीवर लक्ष खिळलं आणि मनगटावरचा उंचीमापक बघायचा राहिला. पत्र्यावर बोल्टशी झटणारा माणूसही असाच मागे मागे सरकत जातो.

रेघ ओलांडली तरी वाचावं म्हणून पाठीवरच्या पिशवीत एक छोटा यंत्रमेंदू बसवतात. हवेच्या दाबावरून तो उंची आणि वेग मोजतो, आणि ठरलेल्या उंचीखाली वेग जास्त असेल तर राखीव छत्रीची बंद दोरी स्वतः कापून तिला मोकळी करतो. हेल्मुट क्लोथ या जर्मन तंत्रज्ञाने बनवलेलं 'सायप्रेस' १९९१ मध्ये बाजारात आलं आणि या खेळातल्या मृत्यूंचं स्वरूपच बदललं. अनुभवी उडीबाजांसाठी ते साधारण साडेसातशे फुटांवर, वेग सेकंदाला ३५ मीटरच्या वर असेल तरच चालतं. विद्यार्थ्यांच्या यंत्रात हीच वेगमर्यादा सेकंदाला १३ मीटर इतकी खाली आणलेली असते. विद्यार्थ्याची छत्री अर्धवट उघडून तो गरगरत खाली येत असेल, त्याला काही सुचत नसेल, तरी यंत्र मदतीला येतं ते त्यामुळे. पण या दयाळूपणाला एक काटा आहे. सेकंदाला १३ मीटर म्हणजे ताशी ४७ किलोमीटर. हवा बिघडून उडी रद्द झाली आणि विमान भराभर खाली उतरू लागलं, तर यंत्राला तेही पडणंच वाटू शकतं. विमानाच्या आत छत्री उघडली तर सगळ्यांच्याच जिवावर. त्यामुळे विद्यार्थी परत विमानातून उतरणार असेल तेव्हा प्रशिक्षक आधी यंत्र बंद करतो आणि वैमानिकाला सावकाश उतरायला सांगतो. वाचवणाऱ्या वस्तूची सवय आणि खोड दोन्ही शिकावी लागतात. आमच्या कामातही यापेक्षा वेगळं नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका विद्यार्थ्याला मोकळं पडत असताना फेफरं आलं. त्याला पूर्वी हा आजार होता, पण कित्येक वर्षं झटका आलेला नव्हता आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेली होती. सुमारे नऊ हजार फुटांवर तो उताणा झाला, हातपाय सैल पडले, आणि तसाच गिरक्या घेत अर्धा मिनिट खाली येत राहिला. प्रशिक्षक त्याच्या दिशेने झेपावला, पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा त्याला धरून साधारण चार हजार फुटांवर त्याची छत्री ओढली. काही वेळाने तरुण शुद्धीवर आला, तेव्हा छत्री वर होती आणि कानातल्या रेडिओवर कोणीतरी त्याच्याशी बोलत होतं. प्रशिक्षकाच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली ही दृश्यं नंतर जगभर पाहिली गेली. मला त्यांतलं धाडस भावतंच. पण जास्त धीर येतो तो याचा, की दुसरा प्रयत्नही हुकला असता तरी पाठीवरचं यंत्र शिल्लक होतं. एकाचा हात पोचला नाही तर दुसरं काहीतरी पोचेल, अशी सोय कोणीतरी आधीच शांत डोक्याने करून ठेवली होती.

तरी यंत्रांवर सगळं सोडून चालत नाही. छत्री झटकन सोडता यावी म्हणून तीन कड्यांची कळ बनवणारे बिल बूथ फार पूर्वी म्हणून गेले आहेत की साधनं जितकी सुरक्षित होतील, तितकी माणसं जास्त जोखीम घेऊ लागतील आणि मृत्यूंचा आकडा जागच्या जागी राहील. आणि ज्यांच्या अंगात हे शिक्षण पुरतं मुरलेलं असतं, त्यांच्यावरही वेळ येते. २०२५ च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये आग्र्याला आपल्या हवाई दलाचे दोन पॅराशूट प्रशिक्षक उड्यांमध्ये गेले. त्यांनी कितीतरी तरुणांना दारातून सुखरूप पाठवलं होतं.

छत्री नीट उघडली की घरचे लोक सुटकेचा श्वास सोडतात. विद्यार्थ्याचं खरं परीक्षेचं पान तिथून पुढे उलटतं. हल्लीच्या दुखापतींपैकी बऱ्याचशा, आणि पुष्कळ मृत्यूही, डोक्यावर चांगली, पूर्ण उघडलेली छत्री असताना होतात. चौकोनी छत्री म्हणजे कापडी पंख आहे. तिला पुढे वेग असतो. उजवी दोरी ओढली की ती उजवीकडे वळते आणि वळताना खाली घुसते. तीनशे मीटरवर या घुसण्याला काही किंमत नसते. वीस मीटरवर, समोर विजेची तार किंवा उसाचं शेत दिसल्यावर घाबरून एक दोरी जोरात ओढली, तर पंख आणि माणूस दोघेही तिरपे जमिनीत जातात. इथे वेळ पुन्हा शेडइतका उरलेला असतो. म्हणून विद्यार्थ्याला सांगतात: खाली आल्यावर वळू नकोस, अडथळ्याकडे बघू नकोस, मोकळ्या जागेकडे बघ, दोन्ही दोऱ्या सारख्या ओढ आणि पाय जुळवून ठेव.

पाय जुळवणं हाही शिकायचा भाग आहे. गोल छत्रीखाली उतरणारा माणूस सेकंदाला पाच-साडेपाच मीटरने येतो, म्हणजे चार-पाच फुटांवरून, भरल्या ट्रकच्या हौद्यातून उडी मारावी तितका दणका. तो घोट्यात घेतला तर घोटा मोडतो. त्यामुळे चवडे, पिंढरी, मांडीची बाजू, कुल्ला आणि पाठीची कड, असा तो अंगभर वाटून देत आडवं लोळायचं. दोन फुटांच्या ओट्यावरून मातीत उड्या मारत हे तासभर घोटून घेतात. संध्याकाळी कपडे लाल होतात. आमच्या पट्ट्यात ट्रकवरून पोती उतरवणाऱ्या हमालांना मी जवळजवळ असंच अंग सोडून उतरताना पाहिलं आहे. त्यांना ते कोणी शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी शिकवलं.

पुण्यात स्कायडायव्हिंगचं नाव काढलं की शीतल महाजन यांचं नाव निघतंच. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंश तापमानात उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली उडी होती; सरावाची एकही उडी त्याआधी झालेली नव्हती. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून. २०११ मध्ये पद्मश्री. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वर्गातली मुलं जेव्हा ध्रुवाची गोष्ट 'सराव न करताही जमतं' याचा पुरावा म्हणून सांगतात, तेव्हा मी त्यांना नऊवारीची गोष्ट सांगतो. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात साडीचा एक सुटा काठ हँडलवर आला, तर शोधणारा हात कापडात फसेल. चापूनचोपून, जागोजागी पक्की केलेली नऊवारी नेसून दारात उभं राहणारी बाई ही त्या वेळेपर्यंत शेकडो उड्यांचा विचार अंगी बाणलेली बाई असते. विक्रम एका माणसाचा असतो. शिकवण्याची रीत मात्र सगळ्यात घाबरट, सगळ्यात गोंधळलेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून बनवावी लागते.

आपल्या पट्ट्यात विमानातून उडी शिकवणारी शाळा नाही. शेजारी लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्याच धावपट्टीवर पुण्याचं प्रवासी विमानतळ आहे. इथल्या आकाशात नवशिक्यांना सोडायला जागा कुठली? हौस असलेली मुलं हरियाणात नारनौलला जातात, सुट्टी आणि पैसा जुळला तर दुबईला किंवा थायलंडला. पण कापडी पंखाखाली उडायला शिकायचं असेल तर पिंपरीहून लोणावळा लोकल पकडायची आणि कामशेतला उतरायचं. मावळच्या टेकड्यांवर पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत पॅराग्लायडिंगच्या शाळा भरतात. इथे विमान नाही, मोकळं पडणं नाही. टेकडीच्या उतारावरून धावत उडायचं. त्यामुळे वेळही नाही. पन्नास मीटरवर पंख दुमडला तर राखीव छत्री फेकून ती उघडेपर्यंत जमीन आलेली असते. म्हणून पहिले दोन दिवस सपाट माळावर नुसता पंख डोक्यावर उभा करायला शिकवतात. तो डावीकडे पडतो, उजवीकडे पडतो, तुम्हाला ओढत नेतो. दुपारी ऊन तापलं की गरम हवेचे झोत उठायला लागतात आणि नवशिक्यांना खाली बसवतात.

या खेळातली सगळ्यात चटका लावणारी चूक माझ्या ओळखीची निघाली. हेल्मेट घातलेलं, छातीची पट्टी लावलेली, आणि मांड्यांचे पट्टे लावायचे विसरलेले. फोटो काढायला, पाणी प्यायला माणूस मध्ये ते सोडतो आणि वाऱ्याचा सूर लागला की तसाच धावत सुटतो. जमीन सुटल्यावर तो हार्नेसमधून खाली सरकत काखेवर लोंबकळू लागतो. पट्टा अंगावर असतो, लावलेला नसतो. चाकणच्या पत्र्यावरच्या त्या हूकसारखाच.

१८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात केरीच्या पठारावरून पुण्याची एक तरुणी प्रशिक्षित चालकासोबत पॅराग्लायडरने निघाली. उड्डाणानंतर थोड्याच वेळात दोघंही दरीत कोसळली आणि गेली. पोलिसांनी आयोजकावर गुन्हा नोंदवला, परवानगीचा प्रश्न पुढे आला. ती विद्यार्थिनी नव्हती, सहलीला गेलेली होती. पैसे देऊन कोणाच्या तरी हाती स्वतःला सोपवताना पंख शेवटचा कधी तपासला, राखीव छत्री आहे का, परवाना कोणाचा, हे विचारायचं असतं हे तिला कोणी सांगितलं असेल? आपण गाडीचं पंक्चर काढणाऱ्याला चार प्रश्न विचारतो. इथे विचारायला संकोचतो, समोरचा हसेल म्हणून.

संकोचाचीच आणखी एक गोष्ट आहे, ती मी टाळू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये कोईमतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्ती-प्रशिक्षण चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायची आणि खाली मुलांनी धरलेल्या जाळीत पडायचं. एकोणीस वर्षांची एक विद्यार्थिनी कठड्यावर अडखळली, तिचा पाय निघेना. प्रशिक्षकाने तिला ढकललं. तिचं डोकं पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर आदळलं. त्या प्रशिक्षकाला अटक झाली. स्कायडायव्हिंगच्या शाळेत दारापाशी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला ढकलत नाहीत. तो 'नाही' म्हणाला की विमान त्याला घेऊन परत उतरतं, यंत्र बंद करून. त्या मुलीने पाय मागे घेतला तेव्हा ती बरोबर होती, असं मला आजही वाटतं.

आमच्या वर्गात या सगळ्यातून एक गणित उरतं आणि मी ते खडूने लिहून दाखवतो. नेहमीची दोरी सुमारे दोन मीटर. धक्का सोसताना तिची घडी उलगडते, आणखी सव्वा ते पावणेदोन मीटर. माणूस स्वतः पावणेदोन मीटर. वर थोडी जागा. बेरीज साडेपाच-सहा मीटरच्या घरात जाते. हूक पायापाशी लावला असेल आणि खालची फरशी चार मीटरवर असेल, तर हूक लावूनही माणूस फरशीवर आदळतो. चार मीटर म्हणजे 'काय, खालीच तर आहे' म्हणायची उंची. त्याच उंचीवर दोरीला उघडायला वेळ नसतो, छत्रीसारखाच. हूक डोक्याच्या वर लावला की बेरीज निम्म्यावर येते. हे लिहून झाल्यावर वर्गातली अनुभवी माणसं फळ्याकडे बराच वेळ बघत राहतात. एकदा एका मुकादमाने मागच्या बाकावरून विचारलं, "म्हणजे आजपर्यंत मचाणावर लावला तो सगळा फुकट?" मी हो म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन पुन्हा वर्गाला आला.

गेल्या डिसेंबरात मी कामशेतला एका वर्गासोबत टेकडीवर दिवसभर बसलो होतो. आठ विद्यार्थी, त्यांतले तिघे पिंपरी-चिंचवडचे, एक भोसरीच्या वर्कशॉपमधला मशिनिस्ट. सकाळभर पंख उभे करून करून त्यांचे दंड भरून आले होते. चार वाजता उतारावर पहिल्या छोट्या उड्डाणासाठी रांग लागली. प्रशिक्षिका प्रत्येकाच्या दोन्ही मांड्यांचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून बघत होती, आणि मागच्याला पुढच्याचे बघायला लावत होती. पहिला मुलगा पंख पसरून उभा राहिला. वारा दर्शवणारी पट्टी आडवी झाली, खाली आली, पुन्हा आडवी झाली. ती दहा मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "आज नाही. घड्या घाला." मशिनिस्ट मुलगा काही बोलला नाही. त्याने हार्नेसचे पट्टे एकेक करून सोडले, पंखाची घडी गवतावर गुडघा टेकवून हवा काढत घातली, आणि सगळे मिळून साडेसहाची लोकल गाठायला उतरायला लागले.